वॉर्निशचा आणखी एक हात

बाबा, तुमची होडी तयार आहे आणि मला काय करावं ते कळत नाहीये. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असल्या वेळी विचारायला दुसरं माणूस सुचत नाही.

मच्छीमार नगरात कोळ्यांच्या होड्यांच्या रांगेत आपली एवढीशी शिडाची होडी अजून उभी आहे. ज्यांच्या वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी बसून आपण डबा खायचो, त्या कोळीण मावशीच तिची राखण करतात. पण आता त्यांच्या मुलाच्या नव्या होडीला ती जागा हवी आहे. "पाण्यात घाल, नायतर देऊन टाक कोणाला," त्या म्हणाल्या. म्हणून डिसेंबरात कामाला लागले, तुम्ही करायचात तसंच. पॉलिश पेपरने घासायचं, पुसायचं, वॉर्निशचा हात द्यायचा, सुकू द्यायचं, परत घासायचं.

घासता घासता डोक्यात आलं, की थंडीचे हेच तर शिडं उभारायचे दिवस. सगळा कोळीवाडा नारळी पौर्णिमेला दर्यात उतरायचा आणि तुम्ही दिवाळी झाली की होडी घासायला घ्यायचात. पावसाळ्यात वॉर्निश सुकत नाही, उन्हाळ्यात फोड येतात, हे तुमचं म्हणणं बरोबरच होतं. पण काम संपेपर्यंत माझी परीक्षा यायची, मग ऊन, मग पाऊस. एका रविवारी मी विचारते, "बाबा, आज जाऊया ना?" तुम्ही लाकडाला हाताची मागची बाजू लावता आणि करड्या आवाजात म्हणता, "ओल आहे अजून. कसली घाई आहे तुला?" मी हात लावून बघते. मला कोरडंच लागतं. मी परत पॉलिश पेपर उचलते.

आईला समुद्राची भीती, म्हणून तुम्ही होडी पाण्यात घालायचं टाळता, असं मी आजवर धरून चालले होते. गेल्या रविवारी शिवाजी पार्कच्या घरी तिला विचारलंच. ती मटार सोलत होती. "मी कशाला अडवू? तूच रडलीस ना, पहिल्यांदा होडी कलली तेव्हा. तुझे बाबाच म्हणायचे, पोरगी घाबरते, तिला काही बोलू नकोस." मला ते रडणं आठवतच नाही, बाबा. मला आठवतं ते दर वर्षी विचारणं. मग घाबरत कोण होतं? तुम्ही माझ्यासाठी थांबलात, की माझं नाव पुढे करून? तुमच्यावर रागावू की तुमची कीव करू, काहीच ठरत नाही. माया मात्र दाटून येते, आणि त्याचाही राग येतो.

आज सकाळी भरती होती, वाराही छान होता. मावशींचा मुलगा होडी ढकलायला दोघांना घेऊन उभा होता. मी लाकडाला हाताची मागची बाजू लावली. खडखडीत कोरडं.

"घालायची ना मग?" मावशींनी विचारलं.

"नको, ओल आहे अजून. आणखी एक हात देते."

मावशींनी हात लावून बघितला आणि पोरांना परत जायची खूण केली. मला भीती वाटते, हे मी त्यांना सांगितलं नाही. इथे लिहिते आहे, कारण हे पत्र कुठेच जायचं नाहीये.