मयुराचं लग्न कोण लावणार

प्रिय विनया,

फोनच केला असता, पण फोनवर तू घाईत असतेस आणि मला हल्ली वाक्य पुरं करायला वेळ लागतो. म्हणून कागद घेतला. मी ठीक आहे. सगळ्यांना हेच सांगते आणि ते खोटंही नाही. दिवाळीत दिनकर गेल्यापासून मला ना बरं वाटत, ना वाईट. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं सगळं बधिर झालंय. फरीदाबादची हवा नेहमीसारखी घाण, खिडक्या बंद. एकटीपुरता भात लावायला अजून जमत नाही, उरतोच. शिकेन.

शिकण्यातच तर जन्म गेला आपला. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोघी नवीन लग्न होऊन आलो, तेव्हा कोथिंबीर मागितली की भाजीवाला तोंडाकडे बघत राहायचा. स्कूटर तू शिकवलीस. मी पडले तेव्हा आधी पोट धरून हसलीस, मग उचललंस. ऑफिसात टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तोही शिकले. रिटायर झाल्यावर पौरोहित्याचा ऑनलाइन क्लास लावला तर दिनकर म्हणाला, "सेक्शन ऑफिसरबाई आता देवांच्या फायली क्लिअर करणार!" पण सरावाला यजमान म्हणून पाटावर तोच बसायचा, आणि मधेच विचारायचा, शिरा कधी मिळणार. क्लासच्या पुण्याच्या बाई उच्चारांवरून अशा झापायच्या की या वयात रडू यायचं. तरी नेटाने शिकले. गुडगाव-नोएडातली आपली मराठी पोरं वास्तुशांतीला बोलवायला लागली. पहिल्या दक्षिणेचे दिनकरने समोसे आणले होते.

आणि तुझी मयुरा! लग्न ठरलं त्याच दिवशी म्हणाली, "काकू, लग्न तूच लावायचंस. चलो, फायनल!" मुलगा पंजाबी, त्याच्या माणसांनाही कळावं म्हणून सप्तपदीच्या प्रत्येक पावलाचा अर्थ मी हिंदीत बसवला. दिनकरला ऐकवला. पाचव्या पावलाला तो म्हणाला, हे आपल्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी ते पाऊल विचार करून टाकलं असतं. मेला, कायम थट्टा.

त्याच्या दहाव्याला आमचा मानस बंगलोरहून आला होता. घाटावर तिथल्याच पंडितजींनी सगळं केलं. मुलगा रडत होता, आणि मी काय करत होते सांगू? पंडितजींच्या चुका ऐकत होते. त्यांनी गोत्र चुकीचं म्हटलं, मी दुरुस्त केलं. झालं. नवऱ्याच्या पिंडासमोर मला एवढंच सुचलं. घरी येऊन हात-पाय धुतले आणि चहा टाकला. लोक म्हणाले, किती धीराची बाई. कसला धीर गं? धीर धरायलाही आत काहीतरी हलावं लागतं.

मग परवा तुझा फोन आला. हॉल झाला, केटरर झाला, मेंदीवाली मिळाली, सगळं एका दमात सांगितलंस. मी विचारलं, विधीचं सामान मी आणू की तू? तर म्हणालीस, "प्रभा, तू आता आराम कर. पुण्याहून एक गुरुजी बोलावलेत. तुलाच त्रास होईल गं. आणि मुलाकडच्यांनाही कसं वाटेल?" मी बरं म्हटलं. फोन ठेवला. मला राग आला होता, विनया. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. त्यानंतर मी रडले, दिनकरसाठीसुद्धा रडले, शेजारच्या हेमांगीने बेल वाजवली तरी थांबले नाही.

दिवाळीआधी मला जे मंत्र येत होते, तेच आजही येतात. कमी झालाय तो माणूस, विद्या नाही. तरी तुझं घर, तुझी लेक, निर्णय तुझा. मी भांडायला लिहीत नाहीये. एवढंच मागते, की मला आराम कर म्हणू नकोस आणि मुलाकडच्यांच्या आड लपू नकोस. 'तू विधवा आहेस, म्हणून नको,' हे एकदा तुझ्या तोंडाने सरळ म्हण. मी ऐकून घेईन, चांगली साडी नेसून येईन, अक्षता टाकून जेवून जाईन. आणि तसं म्हणवत नसेल, तर मुहूर्ताची वेळ कळव, विधीचं सामान मी आणते.

तुझीच,
प्रभा