कपाट, पॅसेज आणि आडवा पडलेला रोबो

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. आधी हिशेब देते, मग खुशाली. नाहीतर बोलण्याच्या भरात हिशेब राहून जातो. भाचीच्या रोबोसाठी तुम्ही पाठवलेल्या पैशांतून आलेलं सामान असं: मोटरी चार, रबरी चाकं सहा, सायकलच्यासारखी पण नाजूक चेन दोन, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा एक भारा आणि नटबोल्टची पिशवी. सगळे मिळून नऊ हजार चारशे दहा. पट्ट्यांवर घासाघीस करून दोनशे सोडवले, ते देवापुढे ठेवले आहेत. (दुकानदार म्हणाला, "बाई, ही भाजी नाही." मी म्हटलं, "भाजी असती तर वजनही पुन्हा करायला लावलं असतं.") तुमचा गुडघा आता कसा आहे? रोज दिवा लावताना त्याची आठवण काढते. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. आजचं सांगणं जरा लांबलचक आहे.

तर, रोबो पडला. हरला असं नाही म्हणत मी; आडवा पडला. आणि तो मी पाडला. त्या वेळी मी स्पर्धेच्या हॉलच्या शेवटच्या रांगेत मांडीवर डबा घेऊन बसले होते, तरी पाडला मीच.

कसा, ते पहिल्यापासून सांगते. रोबोची चासी म्हणजे खालचा सांगाडा. मोटरी, चाकं, चेन सगळा संसार त्याच्यावर. तो आखायचं काम तिच्या कॉलेजातल्या गटाच्या पोरांनी आपल्या लेकीकडे दिलं होतं. तिने पहिलं चित्र काढलं ते चांगलं रुंद आणि बुटकं, तुमच्या थोरल्या काकांसारखं (ते एकदा बसले की भूकंपानेही हलले नसते). मला मोटरीतलं कळत नाही, पण माप कळतं. मागच्या खोलीत केलेली वस्तू पॅसेजमधूनच बाहेर जाणार आणि पॅसेजमध्ये तुमचं कपाट. (त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही सासरी जाताना "मी नेईपर्यंत हात लावू नका" म्हणालात. मध्ये भाची जन्मून कॉलेजात गेली, एवढंच.) तुमचे भाऊसुद्धा तिथून पोट आत घेऊन जातात आणि पलीकडे पोहोचल्यावर सोडतात. लेक म्हणाली, "आई, कपाट सरकवू या." मी म्हटलं, "नाव काढू नकोस." ती म्हणाली, "मग महिनाभर कोपऱ्यावरचं गॅरेज भाड्याने घेऊ." मी म्हटलं, "घर असताना भाडं? लोकांना वाटेल आपल्याला घराबाहेर काढलं." तुमच्या भावांनी सुचवलं, रोबो उभा करून न्या, पण त्याला वर एक लांब हात बसवायचा होता, तो भिंतीत घुसायचा. शेवटी मी निकाल दिला: पॅसेजमधून जाईल असाच करा. घर रोबोसाठी नाही, रोबो घरासाठी आहे. (हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. दोन शेजारणींना ऐकवलंसुद्धा.)

मग नवं चित्र निघालं. शेजारी-शेजारी बसायच्या मोटरी एकीच्या डोक्यावर एक चढल्या, बॅटरी माळ्यावर गेली आणि दोन्हीकडची चाकं इतकी जवळ आली की शिडीला चाकं लावल्यासारखं दिसू लागलं. त्यांच्यातला एक चष्मेवाला आहे, तो म्हणाला, "काकू, वळताना हा कलंडणार." मी म्हटलं, "सावकाश वळवा. आमच्या घरात कुणी पळत वळत नाही." सगळे हसले. लेक हसली नाही. खोडरबराने आपली रुंदी पुसत बसली. ते मी पाहिलं होतं, वन्सं. पाहिलं आणि कुकर लावायला उठले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी देवाकडे यश मागितलं. रुंदी मागायची राहून गेली. पण सरळ काय गेला म्हणून सांगू! चेन कुरकुरली नाही, दाते घसरले नाहीत, एकही चाक रुसलं नाही. मी शेजारच्या अनोळखी बाईंना सांगूनसुद्धा टाकलं, "आमचाय." तेवढ्यात ठोकळा उचलायला तो वळला आणि झोप अनावर झालेल्या माणसासारखा अलगद कलला तो आडवाच. नियम असा, की फेरी संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तो पडलेला, आणि चाकं हवेत इमानेइतबारे फिरताहेत, उताण्या झुरळासारखी. त्या बाई म्हणाल्या, "तुमचाच ना?" मी म्हटलं, "इथून नीट दिसत नाही."

नंतर परीक्षकबाईंनी पोरांना जवळ बोलावलं, तेव्हा मीही डबा घेऊन मागे जाऊन उभी राहिले. म्हणाल्या, "मोटरी, चेन, दाते, जुळणी उत्तम आहे. मग चासी इतकी अरुंद का घेतली?" चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याच्या झाकणाकडे पाहिलं. लेक म्हणाली, "जागेची अडचण होती, मॅडम. अंदाज माझा चुकला." बास, एवढंच. आईचं नाव नाही, आत्याच्या कपाटाचं नाही. माझी चूक तिने चारचौघांत आपल्या अंगावर घेतली आणि मी मात्र बसल्या जागी रोबोला ओळखसुद्धा दाखवली नव्हती. परतताना ती भांडली असती तर बरं झालं असतं. उलट "दमलीस का गं?" म्हणून माझ्या हातातला डबा तिनेच घेतला. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तुमचे भाऊ म्हणतात, "सरळ गेला ना? माणसाला आयुष्यात वळावं लागतं किती?" त्यांच्याशी काय बोलायचं!

जुळणीला पूर्ण गुण मिळाले, त्यावर पोरं कशीबशी दुसऱ्या फेरीत गेली आहेत. महिन्याने आहे. चासी नव्याने करायची आहे. असो. गुडघ्याला जपा, जिने चढू नका.

तुमची,
भावजय

ता. क. घरी आणताना रोबो पॅसेजमध्ये अडकला. पडल्यामुळे त्याची एक पट्टी बाहेर वाकली होती. तुमचे भाऊ पुढे जाऊन बाथरूममध्ये होते. ते पलीकडेच राहिले आणि ओरडायला लागले. तेव्हा नाइलाजाने पोरांनी तुमचं कपाट ढकललं. वन्सं, ते चार बोटांनी सरकलं! इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यात अर्धा संसार आहे. (उघडलेलं नाही, देवाशपथ. पण रिकाम्या डब्याचा आवाज मला कळतो.) लगेच जागच्या जागी ठेवलं.

ता. क. २. हे पत्र बंद करत होते, तर लेक टेप घेऊन पुन्हा पॅसेज मोजताना दिसली. म्हटलं, आता कशाला? म्हणाली, "आत्याला वाईट वाटायला नको. अरुंदच करते, बॅटरी खाली घेऊन बघते." हे मला दुसऱ्यांदा बघवणार नाही. कपाट आमच्या झोपायच्या खोलीत नेते, माझ्या बाजूला ठेवून रोज पुसेन. तुमचा होकार असेल तर एका ओळीत, उलट टपाली कळवावा. नकार असेल तर मात्र घाई करू नका. नीट विचार करून, चांगलं सविस्तर लिहा. पोरं कपाट उचलायला रविवारी सकाळीच यायची आहेत.