पुढचं चाक

४ एप्रिल २०१६, सोमवार

परत पंक्चर! पुढचं चाक. काल ओट्यावर सायकल लावली तेव्हा टायर कडक होता. सकाळी बघते तर रिम फरशीला टेकलेली. कृष्णा पहिल्या पाळीला कंपनीत निघून गेलेला, मोटरसायकल त्याच्याबरोबर. सायकल ढकलत हर्सूलच्या नाक्यापर्यंत नेली. पंक्चरवाला दुकान उघडून बसला होता, पण घमेलं कोरडं. "पानीच नै तो छेद कैसा दिखेंगा मैडम?" बरोबरच आहे त्याचं. ट्यूब बुडवली तर बुडबुडे येणार. सायकल त्याच्याकडे टाकली आणि रिक्षा पकडली.

पुंडलिकनगरात पद्मजाताई उपाशी पोटी माझी वाट बघत बसलेल्या. म्हणजे बसलेल्या असायला हव्या होत्या. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून त्यांनी चहा-बिस्किट घेऊन टाकलं. उपाशीपोटीची साखर तपासायची आणि पोटात बिस्किट! त्यांचे मिस्टर, मधुसूदनकाका, गेटातच मला फैलावर घ्यायला उभे. मी लॅबमध्ये पोचायच्या आत त्यांचा फोन पोचला होता. विश्वजित सर आवाज कधीच चढवत नाहीत, तेच जास्त झोंबतं. म्हणाले, घरोघर जाऊन रक्त घेणाऱ्या मुलीकडून मला एकच गोष्ट हवी, वेळ. या महिन्याच्या शेवटी तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरवणार आहे.

बी.एस्सी. केलं, लॅबचा कोर्स केला, आणि नोकरी कशावर अडकली तर सायकलच्या ट्यूबवर!

५ एप्रिल

मामांनी आज भिंतीला सांगितलं, "बायामाणसानं परक्याचा हात धरून सुया टोचत हिंडावं, हे बरं नाय दिसत."

मामा म्हणजे माझे सासरे, बद्रीनाथ. आमच्या गावाकडं सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याशी एक शब्द थेट बोललेला नाही. चहा हवा असला तरी भिंतीकडे बघून म्हणणार, "चहा झाला का म्हणावं." मी डोक्यावरचा पदर सावरून पातेल्याला उत्तर देते. सासूबाई होत्या तोवर त्या मधे असायच्या. आता मधे भिंत आहे.

होळी झाल्यावर कृष्णा त्यांना फुलंब्रीच्या पुढून, गावाहून इथं घेऊन आला. तिथं टँकर येतो आणि सगळं पाणी विहिरीत सोडून निघून जातो. मग ज्याच्या मनगटात जोर, त्याचा पोहरा आधी खाली. म्हाताऱ्या माणसाला रिकामी कळशी घेऊन परत यावं लागायचं. आणलं ते बरंच केलं, मी नाही म्हटलेलं नाही. पण आमचंही घर नव्या प्लॉटिंगमधलं. नळ नाही. टँकर आला तर आला. दोघांच्या पाण्यात तिसरं माणूस, आणि वर हे भिंतीचं बोलणं.

७ एप्रिल

ठरवलं — नाक्यावर विसंबायचं नाही. चाक स्वतः करायचं. कृष्णाने एकदा दाखवलं, तेही तोंड वाकडं करून. पान्याने दोन्ही नट ढिले करायचे, चाक सोडवायचं. चमच्याच्या दांड्याने टायरची कड रिमवर उचलायची, दुसरा चमचा पुढे घालून सरकवत न्यायचा. ट्यूब ओढून काढायची. मग तो म्हणाला, आता बादलीत बुडवून भोक बघ. बादलीत! घरात प्यायला दीड हंडा शिल्लक!

तेव्हा मला सुचलं. भोक शोधायचंच कशाला? जवळ दुसरी ट्यूब ठेवायची. जुनी काढ, चांगली घाल, हवा भर, चालू पड. जुनी गुंडाळून पिशवीत टाकायची, आणि नाक्यावर पाणी असेल त्या दिवशी चिकटवून आणायची. पाणी नको, खोळंबा नको. कृष्णालासुद्धा पटलं. "लई डोकं चालवलंस की," म्हणाला. लग्नानंतर त्याने माझी केलेली ही बहुतेक दुसरी स्तुती.

१० एप्रिल, रविवार

दुपारभर ओट्यावर सराव. अंगठे सोलून निघाले. शेवटचा वीतभर टायर रिमच्या आत जाता जात नाही, तिथं सगळा जोर लागतो. सरूबाई पलीकडच्या ओट्यावरून बघत होती. म्हणाली, नवरा घरी असून बाई चाक खोलते म्हणजे काय! मी म्हटलं, नवरा झोपलाय, चाक जागं आहे.

मामा कोपऱ्यात गोणपाट शिवत बसले होते, माठाला गुंडाळायला. वर मान केली नाही.

१२ एप्रिल

आज सकाळी परत बसलेलं! पण आज मी रडले नाही. चहा बारीक गॅसवर ठेवला आणि ओट्यावर गेले. चहा उतू जायच्या आत चाक परत जागेवर चढलं होतं! हात काळे, साडीला वंगण, पण पद्मजाताईंच्या दारात वेळेवर. मधुसूदनकाका घड्याळ बघून आत गेले. बोलायला काही मिळालं नाही त्यांना.

१५ एप्रिल

पुन्हा. तेच चाक.

ट्यूब बदलली, वेळेवर पोचले. पण आज दिवसभर डोक्यात एकच. लॅबपर्यंत जाते, दहा घरी फिरते, परत येते, रस्त्यात कुठं काही होत नाही. खड्डे, खडी, रुंदीकरणाचं खोदकाम, सगळ्यातून सायकल सुखरूप घरी येते. आणि घरच्या ओट्यावर, उभ्या उभ्या हवा जाते! मागचं चाकही त्याच रस्त्याने येतं ना? त्याला काही होत नाही.

घरात ओट्यावर दिवसभर कोण असतं?

१६ एप्रिल

कृष्णाला सांगितलं. हसला. बापाला तो दादा म्हणतो. म्हणाला, दादाला ट्यूब कुठं असते तेही माहीत नसेल. मी म्हटलं, दाभण कशी धरायची ते तर माहीत आहे.

संध्याकाळी आले तेव्हा मामा ओट्यावर, पुढच्या चाकाशेजारी. हातात दाभण. गोण कुठंच नव्हती! मला बघून दाभण टोपीत खोचली आणि घसा खाकरला. काय ते खाकरणं. मी काही लहान मूल नाही.

१९ एप्रिल

आज दोन्ही ट्यूबा गेल्या. पिशवीतली चिकटवलेली नव्हती — नाक्यावर सलग तीन दिवस पाणी नाही — ती माझी चूक. पण ओट्यावरची? ती कोणाची चूक?

पुंडलिकनगरला पोचेपर्यंत ऊन वर आलेलं. पद्मजाताई पलंगावर आडव्या, कपाळाला घाम. रक्त घेतलं आणि लगेच त्यांच्या तोंडात साखर घातली. काका लॅबपर्यंत आले, स्वतः. सरांनी मला काकांच्या देखत विचारलं, पुढच्या वेळी यांच्याकडे दुसऱ्या कोणाला पाठवू का? सगळ्यांसमोर. मी म्हटलं, नको सर, परत होणार नाही. सर म्हणाले, ही शेवटची वेळ.

बातमी घेऊन घरी आले, तर मामा भिंतीला म्हणत होते, "नोकरी सुटली तर बरंच व्हईल म्हणावं. घरात दोन घास सुखाचे."

कसं कळलं यांना? मी अजून तोंड उघडलं नव्हतं!

२० एप्रिल

बोलले. सगळं बोलले. पदर डोक्यावरून पडला तरी सावरला नाही.

जेवायला बसले होते दोघं. मी म्हटलं, मामांनी माझी सायकल दर दोन दिवसांनी टोचायची, मी दर दोन दिवसांनी खोलायची, हे किती दिवस चालणार? माझी नोकरी घालवायची तर तोंडाने सांगा, भिंतीला नको. मी या घरात फुकट खात नाही, टँकरवाल्याच्या हातावर पैसे माझ्या पगारातले पडतात. तेच पाणी तुम्ही पिता.

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. पुढ्यातला तांब्या उचलला नाही. तसेच कोरड्या तोंडाने उठले.

पाण्याचं बोलायला नको होतं. कळतं मला. पण बोलले. आणि खोटं काय बोलले?

कृष्णाने ताट बाजूला सारलं. मग बापाला म्हणाला, "दादा, खरं सांग." त्यांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यालाही कळलं नाही.

२१ एप्रिल

मामा आज सरूबाईकडून पाणी मागून प्याले. सरूबाईने ते लगोलग येऊन मला सांगितलं, हे वेगळं सांगायला नको.

२४ एप्रिल, रविवार

गेले.

कृष्णाने नेऊन सोडलं गावाला. जाऊ नका असं मी म्हटलं नाही, त्यानेही म्हटलं नाही. पिशवी त्यांनी स्वतःच भरली. माठाभोवती गोण नीट ओढून बांधली, टाके तपासले. दारात चपला घातल्या आणि माझ्याकडे वळले. भिंतीकडे नाही — माझ्याकडे. माझा हात आपोआप पदराकडे गेला.

"पोरी, म्या तुझ्या सायकलीला हात नाय लावला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट बोलले. आणि तेही खोटं! माझ्या डोळ्यांत बघून! संताप आला मला. वाकून नमस्कार केला, रीत म्हणून.

कृष्णा परत आल्यावर जेवला नाही. गावात टँकर कधी येतो ते कोणाला धड माहीत नाही म्हणाला. शेजारच्या कडुबाला सांगून आलाय, दादाचा पोहरा तूच ओढून देत जा म्हणून. मी म्हटलं, बरं केलंस.

२६ एप्रिल

कृष्णाला दुसरी पाळी लागली. सकाळी तो मला गाडीवर पुंडलिकनगरला सोडतो. वाटेत बोलत नाही. सायकल चिकटवलेली ट्यूब घालून, हवा भरून ओट्यावर.

२९ एप्रिल

सायकल पाच दिवस तिथंच उभी आहे. आज मुद्दाम पुढचा टायर दाबून बघितला. दगडासारखा कडक! कृष्णाला ओट्यावर बोलावून त्याच्याकडूनही दाबून घेतला. म्हटलं, आता बोल. ओट्यावर कोणी नाही तर हवा जात नाही. त्याने दाबला, पाहिला, आणि आत गेला. जाताना म्हणाला, खरंय तुझं. त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? लई बरं वाटलं.

पाणीही आता पुरतं. काल केस धुतले.

२ मे, सोमवार

कायम झाले! विश्वजित सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. पद्मजाताईंनी स्वतः फोन केला होता म्हणे, मुलीचा हात हलका आहे, तिलाच पाठवत जा.

पेढे आणले. कृष्णाने अर्धा खाल्ला. कडुबाचा फोन येऊन गेला होता — दादा कोणाला पोहरा ओढू देत नाही, स्वतःच ओढतो, दोनदा खाली बसला. मी म्हटलं, हट्टी आहेत. कृष्णा म्हणाला, हट्टी नाय, लाजलाय तो. पोरीसारख्या सुनेची नोकरी घालवायला निघाला होता, कोणत्या तोंडानं पाणी मागेल?

४ मे

कृष्णा परत पहिल्या पाळीवर. मी परत सायकलवर. वारा गरम, पण मन हलकं होतं. काहीही झालं नाही.

५ मे

आजही नाही.

६ मे

पुढचं चाक बसलंय.

घरात मी आणि कृष्णा. ओट्याला कालपासून कुलपाची जाळी. तरी बसलंय.

७ मे

काल लॅबमधून आल्यावर चाक खोललं, पण या वेळी घाई केली नाही. नव्या-जुन्या दोन्ही ट्यूबा फरशीवर शेजारी पसरल्या, व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह लावून. सगळी ठिगळं एकाच जागी, एकाखाली एक. मग टायरच्या आतून बोट फिरवलं. बोटातून रक्त आलं. तारेचा बारका तुकडा, नखाच्या टोकाएवढा, रबरात रुतलेला. बाहेरून दिसतसुद्धा नव्हता. सायकल चालली की आत टोचायचा, उभी राहिली की गप्प; भोक सुईएवढं, हवा रात्रभर हळूहळू जायची. इतक्या वेळा चाक खोललं, इतक्या झटपट ट्यूब बदलली, टायरच्या आत एकदाही हात घातला नाही मी.

चिमट्याने काढला. मोरीत टाकला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

कृष्णा दारात येऊन उभा राहिला. बोटाला काय झालं विचारलं. म्हटलं, पान्याने लागलं. तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "दादाला परत आणू का? तू माफ केलंस तर."

मी म्हटलं, बघू.