कपाळावरचा हात

सोमवार, ४ नोव्हेंबर

आलो बाई एकदाचे! घर बघताक्षणी आवडलं. मला पहिल्या झटक्यात काही आवडणं ही वर्तमानपत्रात छापण्यासारखी बातमी आहे, असं हा म्हणाला. ह्याची बदली झाली म्हणून हे गाव. भूगोलाचे मास्तर असून स्टेशनवरून घरी येताना दोनदा रस्ता चुकले, हे मी ह्याच्या नव्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

पुढे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक छोटी खोली. तिच्या भिंती जाड, फरशी गार, खिडकी एकच आणि तीही उंच. रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा तिथे पोचेपर्यंत दमून जातो. अर्धशिशीच्या माणसाला आणखी काय हवं? शिलाई मशीन पुढच्या खोलीत ठेवलं आणि माझी खाट मागे. इतकी वर्षं लोकांच्या घरांचे पडदे शिवले, आता ह्या घरातला पहिला पडदा माझा. दाट विणीचं काळं कापड घेतलं, आत दुहेरी अस्तर लावलं. पडदा ओढून दार लोटलं की भरदुपारी मिट्ट काळोख.

पोचल्याचं कळवायला ताईला फोन केला. तिने आधी विचारलं, हा कसा आहे. माझ्या डोक्याची चौकशी सगळ्यात शेवटी.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

ह्या घरातला पहिला झटका. झालर शिवत होते. टाक्यावर नजर ठरेना, मग डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात त्या नागमोडी चमकत्या रेघा. म्हणजे अर्ध्या तासात डोकं ठणकणार. मशीन बंद केलं, ओला रुमाल घेतला, खाटेजवळ बादली ठेवली आणि अंधारात पडले.

बऱ्याच वेळाने ह्याचा हात कपाळावर आला. छान गार तळवा, आणि अंगठा बरोबर कानशिलावरच्या त्या जागी. लग्नापासून सांगतेय, इथे नाही, जरा वर, अजून जरा मागे. ह्याला कधी सापडली नव्हती ती जागा. आज न सांगता सापडली. रडू आलं, मग झोप लागली.

उठले तर डोकं स्वच्छ. दारात हा बूट काढत होता. लवकर येऊन डोकं दाबलंस म्हणून मी लाडात आले, तर म्हणाला, मी आत्ता येतोय, मुख्याध्यापक मिटिंग सोडतात होय? गोळीचा अंमल असेल म्हणून हसला.

मी गोळी घेतली नव्हती. ते सांगितलं नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज पुन्हा. हा शाळेत, पुढचं दार आतून बंद, आणि तरी हात आला. ओल्या दगडासारखा गार. मी हळूच माझा हात वर नेला. बोटं थेट माझ्याच कपाळाला लागली. मध्ये काही नव्हतं. पण दाबणं थांबलं नव्हतं.

ओरडायला हवं होतं. पण जिला जन्मभर सगळे ‘जरा दुर्लक्ष कर’ म्हणतात, तिचं कपाळ कुणी न बोलता, न कंटाळता दाबून दिलं तर ती ओरडत नाही. मी डोळे मिटले. जरा डावीकडे, असंही म्हणाले. तो डावीकडे सरकला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आता डोकं रोज दुखतं. पूर्वी महिन्यातून दोनदा दुखायचं. हा घाबरलाय. मला न विचारता त्याने ताईला बोलावलं.

ताई! जिला जन्मात कधी डोकेदुखी ठाऊक नाही. शाळेत पोहण्याची सगळी बक्षिसं तिची. मी कपाळाला फडकं बांधून पडलेली असायचे आणि आई बाहेर पाहुण्यांना सांगायची, आमची मोठी म्हणजे घोडा आहे घोडा. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर नुसती उसासायची.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

ताई आली. दोन तासांत माझं घर तिचं झालं. कात्र्या एका डब्यात, रिळं दुसऱ्यात. ‘अगं, कोंदट होतंय’ म्हणत तिने माझा काळा पडदा सरकवला आणि सगळा उजेड माझ्या डोळ्यांत घुसला.

दुपारी मी आत पडले होते. स्वयंपाकघरात ती आणि हा खिदळत होते. तेच रस्ता चुकल्याचे विनोद. माझ्यासमोर हा ते इतके रंगवून सांगत नाही.

हात आला, पण उशिरा. आणि नुसता टेकलेला. समोर बसून मन दुसऱ्याकडे असलेल्या माणसासारखा.

रविवार, २४ नोव्हेंबर

ताईचं डोकं दुखलं. आयुष्यात पहिल्यांदा. हा गोळी, पाणी, उशी घेऊन नुसता धावत होता. तिला माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर निजवलं.

संध्याकाळी बाहेर आली ती टवटवीत. माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, किती छान डोकं दाबतेस गं तू! मला वाटलं होतं, रुसली आहेस माझ्यावर.

मी सगळा वेळ मशीनवर होते.

म्हटलं, त्यात काय एवढं. आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. ह्याने तिच्यामागे धावावं, आईने तिचं कौतुक करावं, ते सगळं मी गिळलं. पण तो हात माझा होता.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

रोज दुपारी ताई आत असते. माझं डोकं पुढच्या खोलीत फुटतंय आणि कपाळावर कुणी नाही. मी दाराला कान लावून उभी राहते. ती आत झोपेत पुटपुटते, हं, तिथेच, तिथेच.

आज लक्षात आलं. ताईचं डोकं कधीच दुखत नव्हतं. माझं महिन्यातून दोनदा. इथे आल्यावर रोज. हात दुखणं घालवायला येत नाही. आपण त्या खाटेवर यावं म्हणून तोच दुखवतो.

हे कळल्यावर अंगाला काटा यायला हवा होता. माझ्या मनात आलं ते एवढंच — मग मला सोडून तिला का?

गुरुवार, २८ नोव्हेंबर

ताई उठत नाही. डोळे उघडत नाहीत तिचे. कपाळावर चार निळे डाग, कानशिलावर पाचवा.

मी पाणी घेऊन गेले तर कण्हत म्हणाली, पुरे गं आता, हात काढ ना, फार जोरात दाबतेस.

माझ्या दोन्ही हातांत तांब्या होता.

तिला ओढून बाहेर काढता आलं असतं. मी पडदा नीट ओढला आणि बाहेरून कडी घातली. म्हटलं, घे, हवा होता ना —

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

ह्याने कडी काढली. ताईला उचलून दवाखान्यात नेलं. फाटकाबाहेर पडताच तिने डोळे उघडले. डोकं उतरलं म्हणाली.

ह्याने विचारलं, कडी कुणी घातली? त्याने माझ्याकडे असं बघितलं की — जाऊ दे.

मलाही चल म्हणत होता. मी नाही गेले.

शनिवार, ३० नोव्हेंबर

दोघंही नाहीत. खोलीचं दार आतून लावलंय. तो आला. माझ्याकडेच आला.

आज राग आहे त्याच्या हाताला. चालेल. माझ्यावर रागावलाय, म्हणजे माझाच आहे.

रविवार

उठता येत नाही. अंधारात चाचपडत लिहितेय, ओळी एकमेकींवर चढत असतील.

एक क्षणही उचलत नाही. बोटं कातडीखाली गेल्यासारखी — हाडापर्यंत —

जरा हळू, म्हटलं. आता ऐकत नाही.

रविवारच? की

दार वाजतंय. हा आहे. म्हणतो, उघड, तुला काही बोलणार नाही. सोबत ताई आहे. रडतेय. उघड गं, मला ठाऊक आहे तिथे काय आहे, बाहेर ये, म्हणते.

खोटं. तिला आत यायचंय. त्याच्यासाठी आलीय.

ताईला सांगणार होते, पळ. ओठांवर आलं होतं. पण तिचं रडणं ऐकून कपाळावरचा हात थबकला. दाराकडे वळल्यासारखा —

नाही. इकडे. मी आहे ना. अजून दाब. हवं तेवढं —

कडी तुटतेय. उजेड —

ताई आत आली. हात सुटला. माझं डोकं एकदम हलकं, अगदी रिकामं, आणि ती खाटेपाशी वाकून माझं कपाळ — तिचा हात किती गरम आहे — ताई, मागे —