अर्ध्या वाटेवरचा नवस

आई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता वयाने मीच तुझ्यापेक्षा मोठी आहे. तेव्हा आज जरा वडीलकीच्या नात्याने लिहिते, रागावू नकोस. इथे पेडण्याच्या आरोग्य केंद्रात माझी नोकरी संपत आली. मी नर्स झाले ते तू पाहिलंस, पण दिवसभर काय बडबडते ते ऐकलं नाहीस. तापातून उठलेला कोणी शेतात किंवा फुटबॉलच्या मैदानावर पळायला निघाला की मी त्याचं मनगट धरून बसते. "सिस्टर, ताप गेलो मगे," असं म्हणून लोक हसतात. ताप गेला म्हणून सगळं गेलं असं नाही, हे मी त्यांना परत परत सांगते. माझ्यावर बेतलेलं कोणाला सांगत नाही. ते तुला सांगायचं आहे, कारण तुलाच ते कोणी सांगितलं नाही.

त्या थंडीत भाषेवरून आंदोलन पेटलेलं होतं. आज या गावात रस्ता अडवलेला, उद्या त्या गावात. गोवा राज्य होणार का, त्याची भाषा कोणती, यावर बाबा आपल्या गावच्या, सर्वणच्या नाक्यावर तावातावाने भांडायचे आणि घरी येऊन मुकाट जेवायचे. मी तापाने फणफणले होते. तू चुलीपुढून उठायचीस, पेजेची वाटी घेऊन माझ्या उशाशी यायचीस, वारा लागू नये म्हणून जनेल लोटून घ्यायचीस आणि कुलेराने चमचा चमचा तोंडात घालायचीस. त्यातच तू नवस बोललीस, पोर उठली की अनवाणी, आपल्या पायांनी चालत नार्व्याच्या देवाला जाईल. आपल्या घरी देवाचं देणं शिळं होऊ देत नसत. ताप उतरला, तू मला डोक्यावरून न्हायला घातलंस आणि लगेच आपण निघालो. पुढे नारळ घेऊन आजी, मागे तू आणि मी.

डिचोली मागे पडते, मये येतं. चढ लागतो आणि माझ्या छातीत काहीतरी सुटतं. दुखत नाही, नुसतं फडफडतं, मध्येच थांबतं, पुन्हा सुसाट धावतं. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसते. आजी मागे वळून पाहते. "थकलां तें चेडूं. देवळांत पावलें काय बरें जातलें." देवळात पोचलं की सगळं बरं होतं, हे तिचं ठाम मत. तू वाकून माझ्या छातीवर तळहात ठेवतेस. कोंबडीचं पिल्लू मुठीत धरावं तसं तुझ्या हाताखाली ते तडफडत असणार, कारण तुझा चेहरा उतरलेला मला आजही दिसतो. मग तू उठून उभी राहतेस आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूसमोर आवाज चढवतेस. "मांय, देवाक हांव मागीर सांगतां. पयलीं हिका दोतोराक दाखोवंया." आजी म्हणते, "देवाची वाट अर्दी सोडटात काय गो?" तू म्हणतेस, "हांव सोडटां."

बस नव्हतीच. खाणीचा एक रिकामा ट्रक थांबला. ड्रायव्हर बेळगावकडचा होता. "मावशी, आधी पोरीला वर घ्या, नारळाचं ऱ्हाऊ द्या," असं तो ओरडल्याचं आठवतं. डिचोली यायच्या आत माझी शुद्ध गेली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पणजीचं मोठं इस्पितळ, छातीला लावलेल्या तारा, शिरेत सुई, आणि दाराच्या काचेतून दिसणारा तुझा पदर. मी वाचले. मग कित्येक महिने तू मला कळशीलासुद्धा हात लावू दिला नाहीस.

पण आजीच्या लेखी सरळ होतं. देवाच्या वाटेवरून परत फिरलो, म्हणून मी ट्रकात कोसळले. कुळागरात माड पडला तरी ती तुझ्याकडे पाहायची. आणि तुलाही ते पटलं, याचाच मला राग येतो. रोज तिन्हीसांजेला तू परसदारी उभी राहून नार्व्याच्या दिशेने गालावर हलक्या चापट्या मारून घ्यायचीस. मी पुढे धडधाकट झाले, तेव्हाही तू मला ती वाट पुन्हा चालू दिली नाहीस. तुला देवाची भीती होती आणि त्या चढाचीही. दोन्ही भयं घेऊनच तू गेलीस.

तुझ्या वर्षश्राद्धाच्या दुपारी, पानं उचलून झाल्यावर, बाबा पहिल्यांदा बोलले. इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. तापाच्या विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आणली आहे, त्याने ठोके असे बिथरतात की माणूस चालता चालता पडून संपतो. पोरगी तशीच पुढे चालली असती तर देवळापर्यंत पोचली नसती. तिला परत फिरवलं म्हणून ती हाती लागली. हे ऐकून तू हाय खाशील, म्हणून बाबांनी तुला "अशक्तपणा आहे, विश्रांती हवी" एवढंच सांगितलं होतं. तुला घाबरवायचं नाही म्हणून तुला जन्मभर अपराधी ठेवलं, आई. मी बाबांवर ओरडले. ते म्हातारे झाले होते, नुसते द्रोण गोळा करत राहिले.

परत फिरल्यामुळे मी कोसळले नाही. कोसळणारच होते, ते परत फिरल्यामुळे ट्रकात आणि दवाखान्याच्या वाटेवर कोसळले. तू बरोबर होतीस. हे तुला एकदा सांगता आलं असतं तर तुझ्या कितीतरी संध्याकाळी सुखाच्या गेल्या असत्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घरातच राहील. एक मात्र कबूल करते. मी नवसबिवस मानत नाही, चारचौघांत त्याची टिंगलही करते. तरी मागच्या सोमवारी स्कूटर घेऊन एकटीच नार्व्याला गेले आणि देवाला नवस बोलून आले, की ती बरोबर होती एवढं तिला कळव, मग उरलेली वाट मी अनवाणी चालून फेडीन. परत येताना मयेच्या चढावर ध्यानात आलं, तुला कळलं की नाही हे मला कोण सांगणार?