एक्स्चेंजमधल्या बायका आणि मी

४ फेब्रुवारी, सोमवार

नवीचं निबंधवाचन झालं आज. विषय — टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका. म्हणजे माझा विषय.

सभागृह भरलेलं. मी बोलले होते तेव्हा शिपायाने मागचे पंखे बंदच ठेवले होते, खाली बसायला माणसं नव्हती म्हणून. आज पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

तिला येऊन तीन वर्षं झाली तरी आमच्या इतिहास विभागात सगळे 'नवी'च म्हणतात. लाडाने. मला 'जुनी' कोणी म्हणत नाही. पण परवा ग्रंथपाल म्हणाले, "तुमच्या काळी कार्डं असायची ना?" माझ्या काळी!

नऊ वर्षं घालवली मी त्या बायकांवर. हजेरीपत्रकं, नोकरीचे नियम, अर्ज, अर्जांवरचे शेरे. लग्न झालं की बाईने एक्स्चेंज सोडायचं असा नियम होता. तो कधी आला, कोणाच्या सहीने आला, हे मी धूळ खाऊन शोधलं. त्या एकमेकींची लग्नं कशा लपवायच्या ते माझ्या पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. गाजलेलं म्हणजे चार जणांनी तळटीपेत उल्लेख केला.

आणि ही काय करते — टेबलावर मोबाइल ठेवते आणि एका ऐंशीच्या बाईचा आवाज लावते. "नंबर प्लीज" असं कसं म्हणायचो, ते ती बाई म्हणून दाखवते. संपलं. सगळे पुढे वाकून ऐकतायत.

शेवटी म्हणाली, "बायकांनी बायकांना सांभाळलं, हे ऐकायला आपल्याला आवडतं. नाही सांभाळलं, तो इतिहास कोण लिहिणार?"

हा टोला मलाच. विभागप्रमुख मान डोलवत होते. मीही टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

५ फेब्रुवारी, मंगळवार

तिचं अक्षरसुद्धा चांगलं आहे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

रडू येतंय लिहिताना. म्हणजे येत नाही, पण यायला हवं असं वाटतंय.

आईच्या गोळ्या द्यायला दादाकडे गेले होते. वहिनी भाजी निवडत बसली होती. सहज म्हणाली, "तुमच्या कॉलेजातली ती मुलगी किती गोड आहे हो. दर गुरुवारी येते. आई त्या दिवशी वेणी घालून बसतात."

कोण मुलगी?

"अहो ती चष्मेवाली. आईंशी बोलायला येते ना. तुम्हीच पाठवलीत असं वाटलं मला."

सात गुरुवार झाले म्हणे. सात! नवी माझ्या आईकडे जाते, दार लावून दोघी बोलतात, आणि मला वहिनीकडून कळतं.

आई सहा वर्षं एक्स्चेंजमध्ये होती. मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तक लिहिताना मी तिला विचारलं होतं. टाइप केलेली प्रश्नावली, बेचाळीस प्रश्न. तिने 'हो', 'नाही', 'आठवत नाही' अशी उत्तरं दिली आणि वर म्हणाली, "त्यात काय सांगायचं, नंबर जोडायचे आणि घरी यायचं."

आत जाऊन तिला विचारलं, "त्या मुलीशी काय बोलतेस?"

"गप्पा."

"कसल्या?"

"तुझ्या गोळ्या आणल्यास का?" म्हणाली. गोळ्या तिच्याच. पण ती असंच म्हणते विषय बदलायचा असला की.

११ फेब्रुवारी, सोमवार

नवीला गाठलं. जिन्यात. म्हटलं, "माझ्या आईकडे जातेस म्हणे."

ती लाल झाली. "मॅडम, जुन्या ऑपरेटरांच्या यादीत नाव होतं. भेटल्यावर कळलं तुमच्या आई आहेत. मी सांगणारच होते, पण त्याच म्हणाल्या, तिला सांगू नकोस."

"का?"

"ते त्यांनाच विचारा ना." नम्रपणे म्हणाली. तो नम्रपणाच मला झोंबतो. उद्धट असती तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावता आले असते.

माझं काय दुखतंय ते नीट लिहून काढायचा प्रयत्न केला. विषय गेला त्याचं दुःख आहेच. पण विषय कोणाच्या बापाचा नसतो, हे मीच मुलांना शिकवते. आई गेली त्याचं जास्त आहे. माझ्यासाठी तिने कधी वेणी घातलेली आठवत नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

चार वाजता मुद्दाम दादाच्या गल्लीतून गेले. खाली नवीची स्कूटर. वर आईच्या खोलीची खिडकी उघडी. आई हसत होती. खालपर्यंत ऐकू येत होतं.

मी दुधाच्या दुकानासमोर उभी. दुकानदाराने विचारलं, "काय देऊ ताई?" दूध घरी होतं. तरी एक पिशवी घेतली.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

नवीने वर्षभराच्या रजेसाठी आणि अभ्यासवृत्तीसाठी अर्ज केला आहे. पुस्तक पुरं करायला. समिती पुढच्या बुधवारी बसणार. विभागप्रमुखांनी मला बोलावलं. "याच विषयातल्या तुम्ही ज्येष्ठ. दोन परिच्छेदांत मत द्या. गोपनीय असं वर लिहा हवं तर."

दुपारी खोलीचं दार लावून लिहिलं. दोनाचे तीन परिच्छेद झाले. "अर्जदार हुशार आहेत, परंतु" असं सुरू केलं. मग — कागदपत्रांचा आधार कमी. स्मरणावर फार भिस्त. आणि शेवटी — "वृद्ध व्यक्तींच्या मुलाखती त्यांच्या कुटुंबाला अंधारात ठेवून घेतल्या जातात, अशी एक तक्रार माझ्या कानावर आली आहे."

तक्रार करणारी मी. कानही माझेच.

पण यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का? चारदा वाचून पाहिलं. नाही. एकही खोटं नाही. सही केली, पाकीट चिकटवलं, स्वतः नेऊन दिलं. परत येताना अगदी हलकं वाटत होतं. चहासुद्धा चांगला लागला.

२० फेब्रुवारी, बुधवार

आज नाही लागला.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी खोलीत आली. हातात कागदांचा जुडगा. दारातच उभी राहिली.

"मॅडम, आईंच्या मुलाखतीचा हा सगळा मजकूर. काल त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, छापायचं की नाही ते नंतर बघू, आधी तिला दे."

"मला?"

"हो. मी सांगितलं त्यांना, हे माझ्या पुस्तकात नसलं तरी चालेल मला."

काय औदार्य. असंच मनात आलं माझ्या. कागद घेतले आणि "ठेव तिथे" म्हणाले. ती ठेवून गेली. थकलेली दिसत होती. डोळ्यांखाली काळं. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, लपवून काय करू.

२३ फेब्रुवारी, शनिवार

वाचलं. सकाळी नऊला बसले, उठले तेव्हा दीड वाजला होता. एकसष्ट पानं. एवढी वाक्यं आई माझ्याशी जन्मात बोलली नसेल.

मी इथे उतरवून घेते, म्हणजे खरं वाटेल.

एक्स्चेंजमध्ये आईची एक मैत्रीण होती. सगळ्या तिला 'बुटकी' म्हणायच्या. नंबर जोडायच्या बोर्डापुढे तिच्या खुर्चीवर दोन जाड डिरेक्टऱ्या ठेवाव्या लागत. पण हात सगळ्यांत चपळ. बुटकीने गुपचूप लग्न केलं. नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून सही कोणाची — आईची. दीड वर्ष सगळ्यांनी ते लपवलं. माझ्या पुस्तकात आहे तसंच, अगदी तसंच.

मग पर्यवेक्षिकेची जागा निघाली. ती बुटकीला मिळणार हे उघड होतं. आणि आईने साहेबांना निनावी पत्र लिहिलं. डाव्या हाताने.

आईचे शब्द — "पत्रात एक अक्षर खोटं नव्हतं. लग्न झालंय एवढंच लिहिलं. तारीख लिहिली. तारीख मला माहीतच होती. आठवड्यात तिला काढली. ती माझ्याच खांद्यावर रडली. मी तिला पाणी आणून दिलं. तीन महिन्यांनी तिला मिळायच्या जागेवर मी बसले."

नवीने विचारलंय, "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही. मुलीने विचारलं होतं एकदा, तिला थातूरमातूर सांगितलं. ती पुस्तक लिहीत होती. त्यात आम्ही सगळ्या चांगल्या होतो. कशाला बिघडवायचं?"

माझं प्रकरण काढून पाहिलं. 'या स्त्रियांच्या परस्परनिष्ठेला एकही अपवाद आढळत नाही.' आढळत नाही! जिच्या हातचं जेवून हे वाक्य लिहिलं, तीच अपवाद.

२४ फेब्रुवारी, रविवार

आईकडे गेले. दादा-वहिनी बाहेर गेली होती. आई पलंगावर, पाय लांब करून.

"वाचलंस?"

"हो."

"मग? पुस्तक बदलशील?"

"ते नंतर. मला सांग, तिलाच का सांगितलंस?"

"ती माझी कोणी नाही म्हणून." मग उशी सारखी करत, "आणि ती ऐकताना लिहीत नव्हती. तू लहानपणापासून लिहीत असतेस."

मग विचारलं, "तुला इतका राग होता बुटकीचा?"

"राग? छे गं. फार चांगली होती ती. वाईट असती तर हेवा वाटला नसता. आपण बोर्डावर एक नंबर जोडेपर्यंत ती तीन जोडायची, आणि वर हसून म्हणायची, थांब, तुझाही जोडते. ते हसणं सोसवायचं नाही मला."

"नंतर कधी सांगितलंस तिला?"

"सांगायला जाणार होते. आधी दादा पोटात होता, मग तू, म्हणून राहिलं. मग घर बदललं. मग ऐकलं, ती दुसऱ्या गावी गेली. मग ती गेलीच." पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "दरवेळी कारण चांगलंच असायचं बघ."

तिला चहा करून दिला. माझा हात धरून म्हणाली, "तुझा चेहरा असा का झालाय? पाप माझं आहे."

मी म्हटलं, डोकं दुखतंय.

समिती परवा नाही, तेरवा. उद्या पहिल्या तासाआधी विभागप्रमुखांना गाठायचं आणि पत्र परत मागायचं. काय कारण सांगायचं ते ठरलेलं नाही. कारण सांगूच नये कदाचित. किंवा खरं तेच सांगावं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

पत्र परत मिळालं. मी म्हटलं, "ते मी मत्सराने लिहिलं होतं." विभागप्रमुखांनी फाइल उघडली. पाकीट फोडलेलं होतं.

"घ्या. समितीपुढे ठेवत नाही. पण तिने वाचलंय हो ते. वर 'गोपनीय' लिहिलेलं नव्हतं, आणि उत्तर द्यायची संधी नको का? तुम्ही दिलंत त्याच संध्याकाळी मी तिला दाखवलं. म्हणाली, मला काही उत्तर द्यायचं नाही."

त्याच संध्याकाळी. म्हणजे एकोणीस तारखेला. आईची पानं तिने माझ्या टेबलावर आणून ठेवली बावीसला.