कपारीतला लाल गोल

जिवती,
१० मे १९५९

प्रिय गुणवंता,

मुलगी झाल्याचं कळलं आणि जीव सुपाएवढा झाला. नाक आपल्या आईचं आणि आवाज तुझा, असं तुझी बायको भागीरथा लिहिते. म्हणजे शेजाऱ्यांचे हाल आहेत. लहानपणी घरची भिंत कोळशानं तू रंगवायचास आणि मार मात्र मी खायचे. पोरगी तुझ्यावर गेली तर बरी अद्दल घडेल तुला.

इकडे मोहफुलं संपली, शाळेला सुट्टी लागली. होळीला तू आलास तेव्हा चुनखडीच्या मोठ्या कपारीतली चित्रं मीच तुला दाखवणार होते, पण कंपनीच्या मोजणीसाठी तू आधीच तिथे जाऊन आलास. जेवताना सहज म्हणालास, मी लाल गोल काढलाय तिथे पावसाळ्यानंतर सुरुंग लागणार, दगड चुन्याच्या भट्टीला जाणार. मी ताट सारून उठले.

तिथली हरणं, नाचणारी माणसं, हातांचे लाल ठसे कुणी काढले, हे गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बुधरीबाईलाही ठाऊक नाही. ‘जे आमच्या आधी होते, त्याइनं,’ एवढंच ती सांगते. पण त्यांच्याखाली गावातल्या प्रत्येक लेकराचा ठसा आहे. गेरू उगाळायचा, बाळाचा हात टेकवायचा, मग ते बाळ गावाचं. माझ्या वर्गातला जंगूचा पोरगा मागच्या वर्षी तापानं गेला. जंगू अजून त्याच्या ठशावर तळहात ठेवून बसतो.

तुझा गोल पाहून ही माणसं चिडतील अशी मला धास्ती होती. तर त्यांनी त्याला हळद-तांदूळ वाहिले! जंगू म्हणाला, ‘बाई, भाऊनं आमच्या देवाच्या घरी आपली खूण ठेवली. आता तो काई परका नाई राह्यला.’ खरं सांगायचा मला धीर झाला नाही रे.

काल तुझ्या लेकीची बातमी सांगितली, तर बुधरीबाईनं तुझ्या गोलाशेजारची जागा तिच्या हातासाठी झाडून ठेवली. म्हणून हे पत्र. गोलाचा अर्थ मी त्यांना सांगणार नाही. सुरुंगच लावायचा असेल तर तूच येऊन जंगूसमोर सांग. नाहीतर साहेबांना लिही, हा दगड सोडा, चुनखडीला काही तोटा नाही. आणि लेकीला घेऊन ये. आज सकाळीच बुधरीबाई दारात येऊन विचारून गेली, ‘केवढाक हाय वं तिचा हात?’

तुझीच,
कमळाताई